न वाहणाऱ्या विजेचे मोजमाप

सिद्धेश्वर हे नाव घेतले की आपल्या डोळ्यांसमोर पाणी उभे राहते. पूर्णा नदीच्या वरच्या अंगाला येलदरीचे धरण. तेथील वीजघरातून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात यावे आणि तेथून कालव्यांच्या वाटेने शेतांत जावे, अशी ही जोडयोजना. १९४८ साली हा मुलूख निजामी अमलातून मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला, आणि १९६८ च्या सुमारास पूर्णेवरची ही कामे पुरी झाली. येलदरीला साडेसात मेगावॉटचे तीन संच बसले. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा व्हायला मात्र १९९९ चा मे महिना उजाडावा लागला.

आता धरणाच्या गावी पाण्याविषयी बोलायचे सोडून विजेविषयी, आणि तेही न वाहणाऱ्या विजेविषयी, बोलण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. मातीच्या धरणावर राबलेल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा, की धरण पाणी पुरतेपणी अडवते काय? तो हसेल. जगातले कोणतेही मातीचे धरण पुरतेपणी पाणी अडवीत नाही. पोटातली चिकणमाती कितीही कुटून बसवली तरी थोडा पाझर हा असायचाच. शहाणा अभियंता ‘पाझर नाही’ अशी बढाई मारीत नाही. तो पायथ्याशी चर काढतो, चरात इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खाच ठेवतो, आणि त्या खाचेतून किती पाणी जाते हे रोज मोजून वहीत लिहितो. पाझर किती आहे आणि तो वाढतो आहे की स्थिर आहे, एवढे कळले म्हणजे धरणाची प्रकृती कळली.

विजेच्या बाबतीत हेच काम रबर, अभ्रक, लाख, चिनी माती, काच, कागद आणि तेल यांसारखे पदार्थ करतात. त्यांना शास्त्रात निरोधक म्हणतात. तांब्याची तार ही विजेची नदी, आणि तिच्या भोवतालचे निरोधक आवरण हा तिचा बांध. ह्या बांधातूनही पाझर असतो. तो इतका सूक्ष्म असतो की मनुष्याने वीज ओळखल्यानंतर शंभराहून अधिक वर्षे तो मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. तो कसा मोजावा, मोजताना बांध फुटू नये आणि मोजणाराही मरू नये, हे शिकण्यास आणखी किती किंमत द्यावी लागली, त्याचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईच्या किनाऱ्यावर घडला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

प्रारंभ १७२९ साली इंग्लंडात झाला. स्टीफन ग्रे हा जन्माने रंगाऱ्याच्या धंद्यातला. उतारवयात एका धर्मादाय आश्रमात राहून प्रयोग करीत असे. घासलेल्या काचेच्या नळीतली वीज दोरीवाटे किती लांब नेता येते, हे तो व त्याचा मित्र व्हीलर पाहत होते. दोरी जमिनीला टेकू नये म्हणून ती रेशमाच्या धाग्यांनी टांगली होती. शेकडो फुटांपर्यंत वीज पोहोचली. एके दिवशी रेशमाचा धागा वजनाने तुटला, म्हणून त्यांनी त्याच्या जागी तितकीच बारीक पण बळकट अशी पितळी तार लावली, आणि वीज पोहोचेनाशी झाली! धागा बारीक आहे म्हणून वीज गळत नाही, अशी त्यांची आधीची समजूत होती. आता कळले की प्रश्न जाडीचा नसून जातीचा आहे. रेशीम वीज अडवते, पितळ तिला वाट देते. सुवाहक आणि दुर्वाहक हा भेद मनुष्यजातीला असा एका तुटलेल्या धाग्याने शिकवला.

दुसरा धडा अधिक झोंबणारा होता. १७४६ साली हॉलंडमधील लायडेन येथे म्युशेनब्रुक या प्राध्यापकाने काचेच्या बरणीत वीज साठवण्याचा प्रयोग चालविला असता त्याला असा हिसका बसला, की फ्रान्सचे राज्य देऊ केले तरी पुन्हा तो अनुभव घेणार नाही, अशा अर्थाचे त्याने एका मित्रास लिहिले. काच वीज वाहून नेत नाही हे खरे. परंतु न वाहणारा पदार्थ दोन धातूंच्या मध्ये ठेवला म्हणजे तेथे वीज साठून बसते, आणि हात लावणाऱ्याची वाट पाहते. हे वाक्य कृपा करून ध्यानात ठेवावे. शेवटी आपल्याला याच ठिकाणी परत यावयाचे आहे.

पुढे १८२७ साली जर्मनीतील ओहम याने दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते सांगितले. दाब तोच राहिला तर रोध जितका मोठा तितका प्रवाह लहान. हा नियम तारांसाठी सांगितलेला होता. निरोधकालाही तो लावावा असे बराच काळ कोणाच्या मनात आले नाही, कारण निरोधक म्हणजे ज्यातून वीज मुळीच जात नाही तो, अशीच व्यवहाराची कल्पना होती. ही कल्पना मोडली ती समुद्राने.

तारायंत्र आले आणि तारा नद्यांखालून व समुद्राखालून नेण्याची गरज निर्माण झाली. आपल्याच देशात, कलकत्त्यास, ओ'शॉनेसी या डॉक्टराने १८३९ साली तारायंत्राचे प्रयोग केले, आणि हुगळीच्या पाण्याखालून डांबराच्या आवरणातली तार नेऊन संदेश पाठवून दाखविले. परंतु डांबर किंवा कापड हे खऱ्या समुद्राला पुरे पडणारे नव्हते. तेवढ्यात मलायाच्या रानातला एक चीक उपयोगी पडला. सिंगापुरास असलेले माँटगोमेरी नावाचे डॉक्टर १८४३ साली त्याचे नमुने लंडनला पाठवितात. गटापर्चा त्याचे नाव. तो गरम पाण्यात मऊ होतो, थंडीत घट्ट होतो, आणि खाऱ्या पाण्यात कुजत नाही. १८४७ साली वेर्नर सीमेन्सने तारेवर हा चीक अखंड चढविण्याचे यंत्र बसविले, आणि १८५१ साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधल्या खाडीतून टिकाऊ तार गेली.

यश मिळाले की माणूस घाई करतो. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागर ओलांडून आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत तार टाकण्यात आली. इंग्लंडच्या राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठविलेला अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पोहोचायला सोळा तास लागले, तरी दोन्ही देशांत उत्सव झाला. कंपनीचा विद्युत्‌तज्ज्ञ होता वाइल्डमन व्हाइटहाउस. हा मूळचा शल्यवैद्य. संदेश क्षीण येतात असे पाहून त्याने पाच पाच फूट लांबीची प्रवर्तन वेटोळी लावून सुमारे दोन हजार व्होल्ट दाब तारेवर घातला. त्याचा समज असा, की जोर वाढविला म्हणजे काम होईल. काही आठवड्यांतच, सप्टेंबरात, तार मुकी झाली.

न्यायाने बोलायचे तर सर्व दोष एकट्या व्हाइटहाउसच्या माथी मारणे बरोबर नाही. ती तार घाईने बनविलेली होती, काही ठिकाणी तिच्यातले तांबे मध्यभागी नव्हते, आणि ती उन्हात पडून गटापर्चा नरम झाला होता. परंतु आधीच दुबळ्या झालेल्या आवरणावर त्याने जो दाब घातला, त्याने उरलासुरला जीव घेतला. याच कंपनीत विल्यम टॉमसन नावाचे प्राध्यापक होते. पुढे ते लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे नेमके उलट होते. तारेवरचा दाब कमी ठेवा आणि पाहणारा डोळा तीक्ष्ण करा. त्यांनी रेशमाच्या एका तंतूला इवलासा आरसा टांगला, त्याच्या पाठीला चुंबकाचे तुकडे चिकटविले, आणि त्यावर दिव्याचा कवडसा पाडला. तारेतून यत्किंचित प्रवाह आला तरी आरसा वळे आणि कवडसा दूरच्या पट्टीवर सरके. प्रवाह न वाढविता त्याची खूण मोठी करावयाची, ही ती युक्ती.

या दोन माणसांच्या भांडणात आपल्या विषयाचे सारे मर्म आहे. एक जण पदार्थावर बळजोरी करून त्याच्याकडून उत्तर काढू पाहतो; दुसरा हलक्या हाताने विचारतो आणि कान देऊन ऐकतो. आपल्याकडील वैद्य नाडी पाहताना मनगट आवळीत नाही.

अटलांटिकच्या पाठोपाठ दुसरा आघात झाला, आणि तो थेट हिंदुस्थानशी निगडित होता. १८५७ च्या उठावाच्या बातम्या लंडनला पोहोचण्यास आठवडेच्या आठवडे लागले होते, म्हणून ब्रिटिश सरकार तारेसाठी उतावीळ झाले. १८५९-६० मध्ये सुएझपासून एडनवरून कराचीपर्यंत तांबड्या समुद्रातून तार टाकली. एकेक तुकडा थोडे दिवस चालला, पण साऱ्या लांबीने संदेशवहन काही सुरू झाले नाही. उष्ण समुद्र, कातळी तळ, पातळ कवच. कारणे पुष्कळ होती. सरकारने भागधारकांना हमी दिलेली असल्यामुळे त्या मुक्या तारेचे पैसे मात्र खजिन्यातून पुढे कित्येक वर्षे चुकते होत राहिले.

दोन मोठी धरणे फुटावी तसे हे झाले. सरकार व अटलांटिक कंपनी यांनी मिळून चौकशी समिती नेमली. १८६१ मध्ये तिचा जाडजूड अहवाल आला. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरविण्यासाठी समिती बसविली. याआधी प्रत्येक कारखान्याचा रोधाचा शेर निराळा होता. आता सर्वांना एकच माप मिळाले, आणि त्याला पुढे ओहमचे नाव पडले. तांबड्या समुद्राची तार बर्कनहेडच्या कारखान्यात तयार होत असताना फ्लीमिंग जेंकिन हा तरुण अभियंता टॉमसनच्या सूचनेवरून तिच्या गटापर्चाचा रोध मोजीत होता. म्हणजे हिंदुस्थानसाठी निघालेली ती तार समुद्रात मेली, परंतु निरोधकातून किती वीज पाझरते हे आकड्यात सांगण्याची विद्या तिच्याच अंगावर जन्माला आली.

त्या काळचे मोजमाप दोन रीतींनी होई. पहिली रीत सरळ. तारेचे गुंडाळे पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे, बॅटरीचे एक टोक तारेच्या तांब्याला आणि दुसरे पाण्याला जोडायचे, मध्ये आरशाचे यंत्र. आवरणातून जेवढी वीज पाझरेल तेवढा कवडसा सरके. मग आवरणाच्या जागी माहीत असलेला मोठा रोध घालून पुन्हा पाहायचे, आणि दोन्ही सरकण्यांची तुलना करायची. दुसरी रीत आपल्या रांजणासारखी. रांजण काठोकाठ भरावा, झाकून ठेवावा, आणि तासाभराने किती पाणी उरले ते पाहावे. तसे तारेला विजेने भरून बॅटरी तोडायची, आणि ठराविक वेळाने किती वीज शिल्लक आहे ते पाहायचे. जितकी कमी उरली तितका पाझर अधिक.

या कामात एक चमत्कारिक गोष्ट आढळली. बॅटरी जोडताच कवडसा जोराने सरके, मग हळूहळू मागे येई, आणि मिनिटे गेली तरी मागे येतच राही. जणू आवरण क्षणाक्षणाला सुधारत होते! याचे कारण असे, की निरोधकात शिरणारी वीज तीन प्रकारची असते. थोडी तारेला बरणीप्रमाणे भरण्यात जाते आणि हे काम क्षणात संपते. थोडी पदार्थाच्या अंगात मुरते, जशी कोरड्या मडक्यात पहिले पाणी मुरते, आणि हे मुरणे बराच वेळ चालते. उरते तीच खरी पाझरणारी. म्हणून कोणत्या क्षणी वाचन घ्यावे याचा नियम हवा. तारवाल्यांनी तो ठरविला: दाब लावल्यानंतर एक मिनिटाने, आणि पाण्याची उष्णता फॅरनहाइटच्या ७५ अंशांवर ठेवून. उष्णता सांगणे अगत्याचे, कारण निरोधक तापला की त्याचा रोध झपाट्याने उतरतो. आजही यंत्रांच्या आवरणांबाबत ठोकताळा असा आहे, की दर दहा सेल्सियस अंशांना रोध साधारण निम्मा होतो. ते एक मिनिट मात्र दीडशे वर्षांनंतरही जगभरच्या नियमांत तसेच टिकून आहे.

ही विद्या हाती आल्यावर हिंदुस्थानच्या वाटेला पुन्हा हात घालण्यात आला. १८६४ साली इराणच्या आखातातून ग्वादरपासून फावपर्यंत तार गेली. तिची गुंडाळी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून आली. त्यांतले ‘ट्वीड’ हे जहाज मुळात मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या हातून सागवानात बांधलेले. ही तार चालली. आणि १८७० च्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचे जगातले सर्वांत मोठे जहाज मुंबईला उभे होते. उन्हाने पोटातल्या तारेचा गटापर्चा मऊ पडू नये म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता. मुंबईपासून एडनपर्यंतची तार त्याने टाकली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबई व लंडन समुद्रातल्या तारेने जोडली गेली. बारा वर्षांपूर्वी जे काम जोराने बिघडले होते ते मोजमापाने साधले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ज्या व्यासपीठाची परंपरा आपण सांगतो तेही त्याच काळाचे अपत्य आहे.

समुद्रातली ही विद्या घरात आली ती दिव्यांबरोबर. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात १८८२ साली विजेचे दिवे लागले, पण ती कंपनी लवकरच बुडाली. १९०५ साली नवी कंपनी आली, १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली, आणि १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून सह्याद्रीच्या पायथ्याची वीज एक लाख व्होल्टांच्या तारांवरून मुंबईत पोहोचली. आता आवरणातला पाझर ही नुसती संदेशाची बाब राहिली नाही. ती माणसाच्या प्राणाची बाब झाली. परंतु आरशाचे यंत्र, दिवा, पट्टी आणि बॅटऱ्यांचा ढीग घेऊन कोणता वायरमन घरोघर फिरणार?

ही अडचण लंडनच्या सिडनी एव्हरशेडने सोडविली. १८८९ साली त्याने हातात उचलून नेता येईल असा संच काढला, आणि १९०३ साली ‘मेगर’ हे नाव नोंदले गेले. आज आपल्या कोणत्याही गावातला वायरमन ‘मोटारीला मेगर मारून बघतो’ असे म्हणतो. तो शब्द या नोंदीपासून आलेला. जुन्या मेगरात हाताने फिरवायचे लहान जनित्र असे. दांडा मिनिटाला सुमारे १६० फेऱ्यांनी फिरविला की ५०० व्होल्ट दाब निघे. त्याहून जोराने फिरविले तर आतली पकड घसरे आणि दाब वाढत नसे. काट्यावर दोन वेटोळी असत. एक दाबाच्या प्रमाणात ओढी, दुसरे पाझराच्या प्रमाणात उलट ओढी, आणि काटा त्या दोहोंच्या भागाकारावर स्थिर होई. म्हणून फिरविणाऱ्याचा हात थोडा डगमगला तरी उत्तर डगमगत नसे. व्हाइटहाउसची बळजोरी ज्यात शक्यच नाही, असे हे यंत्र होते.

इथवर आपण तारेच्या किंवा यंत्राच्या रोधाची गोष्ट केली. पण कारखानदाराला निराळा प्रश्न पडतो: हा पदार्थ मुळात किती चांगला? कोडरम्याचे अभ्रक आणि छोटा नागपूरच्या रानातली लाख दीर्घकाळ जगभर विजेच्या कामाला गेली. घेणाऱ्याने त्यांची प्रत कशी ठरवावी? त्यासाठी पदार्थाची रोधकता काढतात. ती नमुन्याच्या आकारावर अवलंबून नसते. ती त्या पदार्थाचा अंगभूत गुण. रीत सोपी आहे. दोन मिलिमीटर जाडीची चकती घ्यावी, तिच्या दोन्ही बाजूंस धातूच्या पट्ट्या बसवाव्या, वरच्या पट्टीचे क्षेत्र वीस चौरस सेंटिमीटर ठेवावे, ५०० व्होल्ट लावावे आणि एक मिनिटाने प्रवाह वाचावा. दाबाला प्रवाहाने भागले की रोध. रोधाला क्षेत्राने गुणून जाडीने भागले की रोधकता. वरची मापे मुद्दाम अशी घेतली आहेत की मीटरच्या हिशेबात क्षेत्र व जाडी यांचे आकडे सारखेच येतात, आणि रोधाचा आकडा तोच रोधकतेचा होतो.

समजा तो आकडा एकावर तेरा शून्ये इतके ओहम आला. तांब्याशी तुलना केली तर या पदार्थाची रोधकता एकावर वीस शून्ये इतक्या पटींहून मोठी. आणि मोजावयाचा प्रवाह किती? शंभर वॉटच्या घरगुती दिव्यातून जो प्रवाह जातो, तो याच्या सुमारे ८७० कोटी पट! एवढा सूक्ष्म पाझर पाहताना लबाडी होते ती पृष्ठभागावर. चकतीच्या कडेवर बोटाचा घाम किंवा हवेतला ओलावा बसला की वीज पोटातून जाण्याऐवजी अंगावरून वाहते. धरणावर पाऊस पडत असताना पायथ्याच्या खाचेतले पाणी मोजावे तसे हे होते. उतारावरून आलेले पावसाचे पाणी पाझर म्हणून वहीत चढते. त्यावर उपाय धरणावरचाच: वरचे पाणी आडव्या चराने बाजूला काढून द्यावे. मोजणाऱ्या पट्टीभोवती थोडी फट ठेवून धातूचे एक कडे बसवितात आणि ते कडे यंत्राला वगळून जोडतात. अंगावरून येणारी वीज कड्याने झेलली जाते, आणि पोटातून येणारी तेवढीच यंत्रात शिरते. या संरक्षक कड्याची मूळ कल्पना पुन्हा केल्व्हिन यांचीच. पहिल्या महायुद्धाच्या आरंभकाळात अमेरिकेच्या मानक संस्थेत हार्वी कर्टिस यांनी अनेक पदार्थांचा असा अभ्यास करून दाखविले, की हवा दमट झाली की पृष्ठभागाचा रोध कित्येक पदार्थांत हजारो पटींनी कोसळतो. आपल्याकडे मृग नक्षत्र लागले की शेतातल्या पंपाचे खोके हात लावताच ‘मुंग्या’ का देऊ लागते, याचे उत्तर त्यांच्या तक्त्यांत आहे.

आता सुरक्षिततेची गोष्ट. ५०० व्होल्ट म्हटले की माणूस दचकतो, आणि दचकावे हे बरेच. परंतु येथे निसर्ग आपल्याला एक सवलत देतो. नमुन्याचा रोध इतका प्रचंड असतो, की दाबाच्या वाटेत दहा लाख ओहमचा रोध मुद्दाम घातला तरी उत्तरात कोटीत एका भागाची चूक येते. म्हणजे काहीच नाही. उलट चुकून मोजणाऱ्याचा हात लागला, तर त्या रोधामुळे अंगातून अर्ध्या मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ शकत नाही, आणि माणसाला जेमतेम जाणवतो तो प्रवाह सुमारे एक मिलिअँपिअर. अचूकता आणि सुरक्षितता यांचे भांडण जगात पुष्कळ ठिकाणी असते. येथे त्या एकाच घरात नांदतात.

मात्र ही सवलत अर्धीच आहे, आणि जे फसतात ते दुसऱ्या अर्ध्यात फसतात. आरंभी सांगितलेली लायडेनची बरणी आठवा. लांब केबल किंवा मोठे जनित्र मोजताना ते बरणीप्रमाणे भरते. रोध बसविला आहे तो यंत्राच्या वाटेत; भरलेल्या केबलच्या आणि आपल्या हाताच्या मध्ये तो नाही! काही किलोमीटर लांबीची, एक मायक्रोफॅरड धारकतेची केबल पाच हजार व्होल्टांवर तपासली, तर तिच्यात एक किलोचे वजन सव्वा मीटर उचलण्याइतकी शक्ती साठते, आणि ती क्षणार्धात शरीरात रिकामी होते. त्याहून कपटी गोष्ट अशी, की एकदा तार जमिनीला टेकवून रिकामी केली तरी अंगात मुरलेली वीज पुन्हा हळूहळू बाहेर येते, आणि मेलेली केबल काही वेळाने परत जिवंत होते. म्हणून नियम असा, की जितका वेळ दाब लावला होता त्याच्या निदान चौपट वेळ ती जमिनीला जोडून ठेवावी, आणि हात लावावयाच्या क्षणापर्यंत ती जोड काढू नये.

सारा क्रम चार पायऱ्यांत सांगता येतो. पहिली, ज्यावर मेगर लावायचा ते यंत्र पुरवठ्यापासून तोडावे, आणि ते निर्जीव झाल्याची परीक्षकाने खात्री करावी. दुसरी, ते जमिनीला जोडून आधीची साठलेली वीज काढून टाकावी. तिसरी, दुसऱ्या टोकाशी कोणी नाही हे पाहून, नेमून दिलेला दाब एक मिनिट लावावा आणि आकडा लिहावा. चौथी, पुन्हा जमिनीला जोडून थांबावे. यांतली तिसरी पायरी सर्वांना आठवते, कारण तिच्यात आकडा मिळतो. माणसे मरतात ती पहिली, दुसरी आणि चौथी विसरल्यामुळे.

आपल्या देशाच्या विद्युत् नियमांतही हेच सांगितले आहे. घरगुती व मध्यम दाबाच्या जोडणीला ५०० व्होल्ट एक मिनिट लावल्यावर निरोधनाचा रोध निदान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, भरावा. ही काही कचेरीतली बाष्कळ अट नव्हे. त्या एका मिनिटामागे आणि एका आकड्यामागे अटलांटिकच्या तळाशी पडलेली तार आहे, तांबड्या समुद्रात गेलेला पैसा आहे, आणि ज्यांची नावे कोठेही लिहिली गेली नाहीत अशा वायरमनांचे प्राण आहेत.

आणखी एक गोष्ट हा इतिहास शिकवितो. एकच आकडा फारसे काही सांगत नाही; आकड्यांची रांग बोलते. एखादा पंप आज वीस मेगओहम दाखवितो हे ठीक. पण मागच्या वर्षी तो दोनशे दाखवीत होता हे वहीत असेल, तरच आवरण म्हातारे होत चालले आहे हे कळेल. धरणाच्या खाचेची वही रोज लिहितात ती याचसाठी. आपल्याकडे मोटार बसविताना एकदा मेगर होतो, आणि नंतर ती जळेपर्यंत कोणी विचारीत नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, एक मिनिट दिले आणि एक ओळ लिहून ठेवली, तर किती घरांतली रडारड टळेल!

पूर्णेच्या काठी आपण पाणी अडवायला शिकलो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जे अडत नाही तेही मोजायला शिकलो. विजेच्या बांधाशीही असेच वागावे. पाझर नाही असे समजू नये आणि पाझर आहे म्हणून घाबरूही नये. हलक्या हाताने मोजावा, वहीत लिहावा, आणि मोजून झाल्यावर तार जमिनीला टेकवून थोडे थांबावे. तेवढ्या थांबण्यात एखाद्या माणसाचे उरलेले आयुष्य असते.